दाताचा बाँड, बटाट्याचं शेत आणि एक भागाकार

“चांदी भरू की पांढरं?” हा प्रश्न विचारला जातो तेव्हा आपण खुर्चीत आडवे असतो, तोंड उघडं असतं आणि डोक्यात फक्त खर्चाचा आकडा फिरत असतो. आता हा प्रश्न हळूहळू विचारलाच जाणार नाही अशी चिन्हं आहेत. आपण जिला चांदी म्हणतो त्या अमाल्गममध्ये वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता करारावर भारतानेही 2018 साली शिक्कामोर्तब केलं, आणि युरोपियन संघाने तर 1 जानेवारी 2025 पासून दातात अमाल्गम भरणं, मोजके वैद्यकीय अपवाद सोडून, बंदच केलं.

म्हणजे पुढचा काळ पांढऱ्या कॉम्पोझिटचा. यात एक अडचण आहे. चांदी दाताला चिकटत नाही आणि तिला चिकटावं लागतही नाही. डॉक्टर खड्डा असा कोरतात की तो तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, लोट्यासारखा. चांदी आत घट्ट झाली की अडकून बसते. पांढरं मटेरियल मात्र चिकटवावं लागतं, आणि ते काम करतो ‘बाँड’ नावाचा थेंबभर द्रव. बाँड सुटला की फटीतून लाळ, लाळेबरोबर जंतू, आणि दाढ पुन्हा किडायला मोकळी.

साहजिकच कोणता बाँड जास्त घट्ट धरतो यावर जगभर प्रयोग चालतात. आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत एमडीएसच्या प्रबंधांचं एखादं कपाट उघडलं तरी चार-दोन प्रबंध याच विषयावरचे निघतील. त्या सगळ्यांच्या शेवटी एक ओळ असते: ‘वन-वे ॲनोव्हा, p < 0.05’. मी संख्याशास्त्र शिकवतो. प्रबंध जमा करायच्या आधीच्या आठवड्यात लॅपटॉप घेऊन कुणीतरी डॉक्टर येतातच. “सर, बाकी सगळं झालंय, फक्त पी व्हॅल्यू काढून द्या.” जणू ती अक्कलदाढ आहे, चिमट्यात धरली की निघाली!

ती ओळ नेमकं काय सांगते, आणि काय सांगत नाही, ते जरा सावकाश पाहू.

बाँड चिकटतो म्हणजे काय होतं?

दाताचं बाहेरचं कवच म्हणजे एनॅमल. त्यात वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असतं, जवळजवळ गुळगुळीत दगडच. 1955 साली अमेरिकेत रॉचेस्टर इथे मायकेल बुओनोकोरे यांनी त्यावर फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट लावून पाहिलं. कल्पना कारखान्यातून उचललेली होती: धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी त्याला आम्लाने खरखरीत करत. दातालाही तेच लागू पडलं. आम्लाने एनॅमलवर सूक्ष्म खाचा पडतात, पातळ रेझिन, म्हणजे बाँडमधलं चिकट द्रव्य, त्यांत उतरतं आणि तिथेच घट्ट होतं. भिंतीला गिलावा करण्याआधी गवंडी टाचे मारतो, तसंच हे. आजही डॉक्टर दातावर निळी जेल लावून काही सेकंदांनी धुतात ती हीच, फक्त आम्ल आता बरंच सौम्य, 35-37 टक्क्यांचं.

आतला थर डेंटिनचा, आणि तो जास्त त्रासदायक. त्यात खनिज सुमारे 70 टक्केच. बाकी कोलॅजन या प्रथिनाचे धागे आणि पाणी, आणि सगळीकडे बारीक ओलसर नळ्या. ओल आलेल्या भिंतीवर रंग का टिकत नाही हे पावसाळ्यात घर रंगवणाऱ्याला सांगायला नको. 1982 साली जपानमध्ये नाकाबायाशी यांनी दाखवलं की रेझिन कोलॅजनच्या जाळीत मुरलं तर दोघांचा मिळून एक मिश्र थर तयार होतो आणि पकड येते. पण तो थर दरवेळी सारखा जमत नाही. माझ्या विषयाची सगळी गंमत या ‘दरवेळी सारखा जमत नाही’मध्ये आहे.

पकड मोजायची कशी? ब्रेसेससाठी काढलेल्या उपदाढा किंवा काढलेल्या अक्कलदाढा घेतात, त्यांचा पृष्ठभाग घासून सपाट करतात, बाँड लावून वर कॉम्पोझिटचा छोटा खांब उभा करतात आणि यंत्राने तो खांब हळूहळू ढकलतात. वेग किती, तर मिनिटाला अर्धा किंवा एक मिलिमीटर. ज्या जोराला जोड तुटतो तो जोर भागिले जोडाचं क्षेत्रफळ, ही बाँडची ताकद. तिचं एकक मेगापास्कल. एक चौरस मिलिमीटरवर एक न्यूटन, म्हणजे साधारण शंभर ग्रॅमचा भार, हा एक मेगापास्कल. मोहरीच्या दाण्याएवढ्या जोडावर दोन किलो साखरेची पिशवी टांगल्यावर जोड तुटला, तर ताकद अंदाजे 20 मेगापास्कल.

सरासरी बघितली की झालं ना?

समजा तीन बाँड आहेत: क, ख, ग. प्रत्येकासाठी पाच दात. हे आकडे कुठल्या खऱ्या प्रयोगातले नाहीत, हिशोब तोंडी करता यावा म्हणून मी बेतलेले आहेत.

क: 18, 22, 20, 24, 16
ख: 23, 27, 25, 21, 29
ग: 24, 20, 28, 22, 26

सरासऱ्या 20, 25 आणि 24. कंपनीच्या माहितीपत्रकात लगेच स्तंभ उभे राहतील, ख चा सगळ्यात उंच, कदाचित सोनेरी रंगात.

पण आकडे पुन्हा वाचा. क बाँडच्या एका दाताने 24 दाखवले, आणि ख च्या एका दाताने 21. म्हणजे कमी सरासरीच्या बाँडचा एक जोड जास्त सरासरीच्या बाँडच्या एका जोडाहून घट्ट निघाला. यात नवल काहीच नाही. एक दात सतरा वर्षांच्या मुलीचा, दुसरा साठीच्या आजोबांचा. एकाचा डेंटिन वरवर घासला, दुसऱ्याचा जरा खोलवर, जिथे नळ्या जास्त आणि ओल जास्त. एकावर हवेचा झोत दोन सेकंद जास्त बसला. बाँडच्या खऱ्या प्रयोगांत आकडे याहूनही जास्त पसरलेले असतात. सरासरीच्या 20 ते 50 टक्के इतकं विखुरणं या क्षेत्रात नेहमीचंच.

आता दुसरा संच घ्या. सरासऱ्या अगदी त्याच, 20, 25 आणि 24.

क: 19, 21, 20, 22, 18
ख: 24, 26, 25, 23, 27
ग: 24, 22, 26, 23, 25

इथे क चा सगळ्यात चांगला दातही 22 वर थांबतो आणि ख चा सगळ्यात वाईट 23 ला सुरू होतो. माहितीपत्रकातले स्तंभ दोन्ही वेळा हुबेहूब सारखे दिसतील, पण पहिल्या संचावर माझा विश्वास बसत नाही आणि दुसऱ्यावर बसतो. अभ्यासिकेत कुणी कुजबुजलं तरी ऐकू येतं. एसटी स्टँडवर त्याच आवाजात बोललेलं शेजारच्यालाही कळत नाही. आवाज तेवढाच आहे, गोंगाट बदलला. बाँडमधला फरक हा आवाज, दातादातातला फरक हा गोंगाट. ॲनोव्हा फक्त पहिल्याला दुसऱ्याने भागतो.

बटाट्याच्या शेतातली युक्ती

ही युक्ती दंतवैद्यांची नाही, शेतीची आहे. इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात 1843 पासून खतांचे प्रयोग चालू होते आणि नोंदींचे ढीग साचले होते. ते उपसायला 1919 साली रोनाल्ड फिशर नावाचा तरुण गणिती नेमला गेला. शेतकऱ्याचा प्रश्न बाँडसारखाच होता. या वाफ्यात पीक जास्त आलं ते वाणामुळे, खतामुळे, की त्या कोपऱ्यातली जमीनच मुळात काळी कसदार होती? 1923 साली बटाट्याच्या बारा वाणांवर खतांचा परिणाम तपासताना फिशर आणि त्यांच्या सहकारी मॅकेन्झी यांनी एकूण विखुरण्याचे तुकडे पाडून दाखवले: एवढं वाणामुळे, एवढं खतामुळे, आणि उरलेलं ज्याचं कारण सांगता येत नाही ते. विखुरण्याच्या मापाला आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रचरण’ म्हणतात. त्याची फोड करायची म्हणून हे ‘प्रचरणाचं विश्लेषण’, त्याच्या इंग्रजी नावाचं लघुरूप ॲनोव्हा.

राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीला शेतकी शिकलेल्या वाचकांना हे सगळं ‘पानसे-सुखात्मे’ या जोडनावाने आठवेल. वि. गो. पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांचं शेतीच्या संख्याशास्त्रावरचं 1954 सालचं पुस्तक आपल्या कृषी महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. दंतवैद्य आणि कृषिवैद्य एकाच गणितावर पोट भरतात, दोघांना त्याची कल्पना नसते, एवढंच.

पहिल्या संचावर हिशोब करून टाकू. आधी गोंगाट. प्रत्येक आकडा आपल्या गटाच्या सरासरीपासून किती दूर आहे ते पाहायचं आणि वर्ग करायचा, म्हणजे अधिक-उणे एकमेकांना खाणार नाहीत. क मध्ये ही अंतरं 2, 2, 0, 4, 4. वर्गांची बेरीज 40. ख आणि ग मध्येही 40 च येते. एकूण 120. याला पंधराने नाही, बाराने भागायचं, कारण तीन सरासऱ्या याच आकड्यांतून काढल्या, तेवढी मोकळीक खर्च झाली. उत्तर 10.

आता आवाज. सगळ्या पंधरा दातांची सरासरी 23. गटांच्या सरासऱ्या तिच्यापासून 3, 2 आणि 1 ने दूर. वर्ग 9, 4, 1, बेरीज 14, प्रत्येक सरासरीमागे पाच दात उभे आहेत म्हणून गुणिले 5, म्हणजे 70. तीन गट, एक मोकळीक खर्च, म्हणून भागिले 2. उत्तर 35.

35 भागिले 10 म्हणजे 3.5. या भागाकाराला F म्हणतात. हे अक्षर फिशर यांच्या सन्मानार्थ अमेरिकेतल्या जॉर्ज स्नेडेकर यांनी दिलं. तिन्ही बाँड खरोखर सारखेच असते, तर सरासऱ्यांमधला फरकही दातादातातल्या फरकातूनच आला असता, वरचं आणि खालचं माप साधारण तेवढंच भरलं असतं आणि F एकच्या आसपास घुटमळलं असतं. दुसऱ्या संचात अंतरं निम्मी आहेत, म्हणून गोंगाट एक चतुर्थांश, 2.5. आवाज तोच 35. F होतं 14.

3.5 मोठं की लहान हे ठरवायला p लागतो. बाँड मुळात सारखेच असताना, केवळ दातांच्या योगायोगाने एवढं किंवा याहून मोठं F मिळण्याची शक्यता म्हणजे p. पहिल्या संचात p सुमारे 0.063, म्हणजे शंभरात सहा वेळा नुसता योगायोगही एवढं करून दाखवेल. दुसऱ्यात p सुमारे 0.0007, दहा हजारांत सात वेळा.

p म्हणजे ‘बाँड सारखे असण्याची शक्यता’ नव्हे. ही चूक प्रबंधांत सर्रास दिसते. प्रबंध तपासणाऱ्यांतही, पण ते जाऊ दे.

दोन-दोनच्या जोड्या लावून का पाहायचं नाही?

दोन गटांची तुलना करायची टी-टेस्ट नावाची चाचणी डॉक्टरांना आधीच माहीत असते. मग क-ख, ख-ग, क-ग अशा तीन कुस्त्या लावल्या तर काय बिघडलं?

प्रत्येक कुस्तीत चुकून ‘फरक आहे’ म्हणण्याची शक्यता आपण 5 टक्के मान्य केलेली असते. तीन कुस्त्यांत निदान एकदा तरी चुकण्याची शक्यता ढोबळ हिशोबाने 14 टक्के होते. पाच बाँड असतील तर दहा जोड्या, आणि चूक 40 टक्क्यांपर्यंत जाते. दहा वेळा लॉटरीचं तिकीट काढून एकदा लागलं की ‘मला आकडा कळतो’ म्हणण्यासारखं हे. ॲनोव्हा आधी एकच प्रश्न विचारतो: या सगळ्यांत कुठेतरी फरक आहे का? उत्तर ‘हो’ आलं की मगच पुढची चाचणी, जी सगळ्या जोड्यांमधली चूक मिळून 5 टक्क्यांत ठेवते. जॉन टुकी यांची पद्धत त्यासाठी जास्त वापरली जाते. दुसऱ्या संचात ती सांगते की दोन सरासऱ्यांत किमान 2.67 चं अंतर हवं. ख आणि क मध्ये 5 आहे, ग आणि क मध्ये 4 आहे, ख आणि ग मध्ये मात्र 1 च. म्हणजे क मागे पडला. ख आणि ग मध्ये डावं-उजवं करायला पुरावा नाही. माहितीपत्रकातला तो सोनेरी स्तंभ इथे रुप्याचा होतो.

एका टक्क्यासाठी एवढं?

0.063 नापास आणि 0.049 पास, हे ऐकून कुणालाही राग येईल. मलाही येतो. 5 टक्क्यांची रेषा निसर्गाने आखलेली नाही. विसात एक ही सोयीची हद्द फिशर यांनीच सुचवली आणि ती रूढ झाली. शिवाय ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचा अर्थ ‘बाँड सारखे आहेत’ असा होत नाही. संशयाचा फायदा मिळून सुटलेला माणूस निर्दोषच असतो असं आपण कुठे मानतो?

पहिल्या संचात खरा दोष कदाचित बाँडचा नाही, पाच दातांचा आहे. तेवढ्याच सरासऱ्या आणि तेवढंच विखुरणं प्रत्येकी दहा दातांवर मिळालं असतं, तर F 7 झालं असतं आणि p 0.004 च्या खाली गेला असता. त्यामुळे दात किती लागतील हा हिशोब प्रयोगाआधी करायचा असतो. माझ्याकडे डॉक्टर येतात ते दात मोडून झाल्यावर.

एका दाताच्या वीस काड्या

आणि इथेच मोह होतो. 1994 साली हिदेहिको सानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर पद्धत काढली. तिचं आज नेहमी वापरलं जाणारं रूप असं: बाँड लावून कॉम्पोझिट चढवलेला दात पातळ करवतीने उभा-आडवा कापायचा आणि सुमारे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या करायच्या. प्रत्येक काडीच्या मध्यावर जोड येतो, आणि ती दोन्ही बाजूंनी ओढून तोडायची. जोर सारखा पसरतो, आकडा अधिक प्रामाणिक येतो. शिवाय एका दातातून अनेक काड्या निघतात. काढलेले चांगले दात मिळवणं किती अवघड आहे हे ज्याने डॉक्टरांच्या मागे लागून ते गोळा केलेत त्याला विचारा. एका दातातून वीस काड्या म्हणजे घबाडच.

मागे एकदा एक डॉक्टर आले. तीन बाँड, प्रत्येकी साठ काड्या, p चार शून्यांनंतर सुरू होणारा. चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा.

“दात किती होते?” मी विचारलं.

“दात म्हणजे... प्रत्येक बाँडला तीन, सर.”

मग साठ कुठले? गल्लीतल्या तीन घरांत जाऊन प्रत्येक घरातल्या वीस माणसांना मत विचारलं, तर साठ मतं मिळतात, पण घरं तीनच कळतात. एका घरातले लोक एकाच ताटातलं जेवलेले असतात. एका दातातल्या काड्याही तशाच: एकाच माणसाचा दात, एकदाच घासलेला, एकदाच आम्ल लावलेला, बाँड एकाच थेंबातला. त्या दिवशी हात जरा जड पडला असेल तर वीसच्या वीस काड्या एकदम बिघडतात. ॲनोव्हाची पहिली अट अशी की प्रत्येक आकडा स्वतंत्र असावा. ती मोडली तर गणित तक्रार करत नाही, सॉफ्टवेअर लाल दिवा लावत नाही, फक्त F फुगतं. आपल्याच पहिल्या संचात पाच दातांच्या प्रत्येकी चार काड्या करून, सरासरी आणि विखुरणं तेच ठेवून, त्यांना वीस ‘दात’ म्हटलं तर F थेट चौपट, 14 होतं. जो पुरावा कालपर्यंत अपुरा होता तो एक करवत फिरवून भक्कम झाला!

यावर उपाय आहेत. सगळ्यात साधा म्हणजे एका दाताच्या सगळ्या काड्यांची सरासरी काढायची आणि दाताला एकच मत द्यायचं. दुसरा, काडी दाताच्या पोटात आहे हे गणिताला सांगणारं मॉडेल वापरायचं. ते दातादातातला आणि काड्याकाड्यांतला गोंगाट वेगवेगळा मोजतं. तिसरा उपाय फिशर यांच्या वाफ्यांतून आलेला आणि मला सगळ्यात आवडणारा: दाताचे दोन भाग करून एकावर क आणि दुसऱ्यावर ख लावायचा, कुठल्या भागाला काय ते चिठ्ठी टाकून ठरवायचं. मग दात चांगला की वाईट हा मुद्दाच वजा होतो. बांधाच्या एकाच बाजूला दोन्ही वाणं पेरली तर जमिनीच्या नावाने कुणाला रडता येत नाही.

त्या डॉक्टरांनी आणखी दात मिळवले. तीन महिने गेले. मला दिवाळीचा फराळ आला नाही.

जोड तुटला, पण नेमका कुठे?

मशीनच्या पडद्यावर आकडा आला म्हणजे तो बाँडचाच असं नाही. कधी बाँडचा थर सुटतो, कधी कॉम्पोझिटच मधे मोडतं, कधी दाताचाच टवका उडतो. दात मोडला असेल तर बाँडची ताकद ‘निदान एवढी’ आहे इतकंच कळलं. खरी किती ते गुलदस्त्यात. त्यामुळे चांगल्या निबंधात तुटलेल्या जागा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्यांची नोंद दिलेली असते. ती नसेल तर मी ॲनोव्हाचं कोष्टक उघडतही नाही.

याहून चोरटा प्रश्न कापतानाच तुटलेल्या काड्यांचा. मशीनवर जाण्याआधीच ज्या मोडल्या त्यांना शून्य धरायचं की मोजायचंच नाही? मोजल्या नाहीत तर सगळ्यात कमकुवत बाँडला फायदा, कारण त्याच्या दुबळ्या काड्या परीक्षेला बसल्याच नाहीत. शून्य धरलं तर कदाचित अन्याय, कारण ताकद अगदी शून्यही नव्हती. काहीही करा, पण किती मोडल्या ते लिहा.

गटांमधलं विखुरणं साधारण सारखं असावं आणि आकडे एकाच बाजूला फार कललेले नसावेत, या दोन आणखी अटी. त्या मोडल्या तर पर्यायी चाचण्या आहेत आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या एका क्लिकवर मिळतात, म्हणून इथे थांबत नाही.

दोन प्रश्न एकदम विचारले तर

बाँड ढोबळमानाने दोन घराण्यांचे. एकात निळी जेल लावून धुवायची आणि मग बाँड लावायचा. दुसऱ्यात बाँडमध्येच सौम्य आम्ल असतं, वेगळं धुणं नाही, याला सेल्फ-एच (self-etch) म्हणतात. कोणतं घराणं चांगलं?

फक्त डेंटिनवर प्रयोग केला तर चांगले सौम्य सेल्फ-एच बाँड मान ताठ ठेवतात. फक्त एनॅमलवर केला तर तेच मागे पडतात, कारण त्या दगडाला खाचा पाडायला त्यांचं आम्ल पुरत नाही. दोन्हींची सरासरी काढून ‘दोघं सारखेच’ म्हणणं हा गाढवपणा झाला. जिरायतीत एक वाण जिंकतं, बागायतीत दुसरं. दोन्ही शेतांची सरासरी काढून बियाणं घेणारा शेतकरी मी तरी पाहिलेला नाही.

टू-वे ॲनोव्हा हेच पकडतो. विखुरण्याचे तो चार तुकडे पाडतो: बाँडमुळे, पृष्ठभागामुळे, दोघांच्या जोडीमुळे, आणि उरलेला गोंगाट. जोडीमुळे येणाऱ्या तुकड्याला आंतरक्रिया म्हणतात. ती ठळक असेल तर ‘कोणता बाँड चांगला?’ हा प्रश्नच चुकीचा ठरतो, ‘कशावर?’ हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. काळाचंही तसंच. चोवीस तासांनी घट्ट असणारा बाँड 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आळीपाळीने शेकडो-हजारो वेळा बुडवल्यावर, म्हणजे आइस्क्रीम आणि कटिंग चहाची नक्कल केल्यावर, तेवढाच घट्ट राहतो का? काही राहतात, काही ढासळतात, आणि चोवीस तासांची क्रमवारी उलटीपालटी होते.

मग माझ्या दाढेचं काय?

प्रयोगशाळेतल्या दाताला लाळ सुटत नाही, त्याला जीभ नसते आणि तो रात्री झोपेत दात खात नाही. 20 आणि 25 मेगापास्कलमधला फरक p च्या दृष्टीने कितीही पक्का असला, तरी तोंडात तो दिसेलच असं नाही. खड्डा कोरडा ठेवला का, बाँड सांगितलेल्या वेळेइतका चोळला का, बाँड घट्ट करणारा निळा दिवा पुरेसा वेळ धरला का, यावर बरंच अवलंबून असतं.

जास्त म्हणजे चांगलं हेही नेहमी खरं नाही. ब्रेसेसच्या चौकोनी पट्ट्या दाताला चिकटवायला 6 ते 8 मेगापास्कल पुरेत असा अंदाज 1975 पासून वापरात आहे. त्या पट्ट्या दोनेक वर्षांनी काढायच्या असतात. बाँड फार जिद्दी निघाला तर पट्टीबरोबर एनॅमलचा टवकाही येतो. तिथे ॲनोव्हात पहिला आलेला बाँड ऑर्थोडॉन्टिस्टला नकोच असतो.

आंतरक्रियेचा निकाल मात्र खुर्चीपर्यंत पोहोचलेला आहे. सेल्फ-एच बाँड वापरणारे बरेच डॉक्टर आता निळी जेल खड्ड्याच्या फक्त काठाला, एनॅमलच्या कडेला लावतात, आत डेंटिनवर जाऊ देत नाहीत, मग धुऊन सगळीकडे बाँड चोळतात. वर्षानुवर्षं रुग्णांवर ठेवलेल्या नोंदींत याचा फायदा दिसतो तो काठाशी: कडा जास्त नीट बसलेल्या राहतात. भरलेलं मटेरियल निखळून पडण्याच्या प्रमाणात मात्र फारसा फरक पडलेला नाही. प्रयोगशाळेत जो फरक डोळ्यांत भरत होता, तो तोंडात आल्यावर दाढेच्या कडेच्या एका बारीक रेषेएवढा उरला.